आबांचे चार प्रश्न

बारावीला मला फ्रेंचमध्ये शंभरपैकी ९२ मार्क होते. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे. अकरावीला पुण्यात आलो तेव्हा गावाकडच्याच एका सीनिअरनं सल्ला दिला होता, "मराठी घेऊ नको, फ्रेंच घे. स्कोअरिंग आहे." घेतलं. क्रियापदांची रूपं पाठ, निबंध पाठ, पत्रांचे नमुने पाठ. पेपर झाला आणि आठवड्याभरात सगळं विसरलो. आपल्यापैकी निम्म्या लोकांची ही गोष्ट असेल, फ्रेंचच्या जागी जर्मन टाका एवढंच.

मग थर्ड इयर संपल्यावर दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी ल्यों या फ्रेंच शहरात जायचा योग आला. जून आणि जुलै. एका कुटुंबाकडे वरची खोली भाड्यानं मिळाली. घरात आई प्राथमिक शिक्षिका, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात, मुलगा अकरा वर्षांचा. पहिल्याच संध्याकाळी त्या मुलानं विचारलं, तू काय करतोस? मी माझे ९२ मार्क पणाला लावून म्हणालो, मी 'कोलेज'मध्ये आहे. त्यानं माझ्या दाढीकडे पाहिलं. किती वर्षं? मी म्हटलं, चार झाली, अजून एक बाकी आहे. पोरगं बोटं मोजून म्हणालं, "पण कोलेज चारच वर्षांचं असतं. म्हणजे तू एकदा नापास झालास?"

घोळ असा की फ्रान्समध्ये 'कोलेज' म्हणजे आपली सहावी ते नववी. आणि गंमत अशी की पोराचं गणित बरोबर होतं. सेकंड इयरला माझा वायडी झाला होता. ही गोष्ट मी लॅबमधल्या कुणाला सांगितली नव्हती, घरमालकिणीलाही नाही. अकरा वर्षांच्या पोरानं ती पहिल्या पाच मिनिटांत काढली.

त्या रविवारी आबांचा फोन आला. आमचे आबा पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहेत. हवापाणी, जेवणखाण झाल्यावर म्हणाले, "मास्तरणीच्या घरात राहतोयस, तर मला चार गोष्टी विचारून सांग. शाळा किती वर्षांची? पोरांना शिकवतात काय? पैसा कोण भरतं? आणि परीक्षा कशी घेतात?"

दोन महिने मी हेच विचारत फिरलो. आबांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे एकत्र लिहितो.

शाळा किती वर्षांची?

तिसऱ्या वर्षापासून. पहिली तीन वर्षं 'मातेर्नेल', म्हणजे बालवाडी, पण ती पूर्ण शाळाच. पगारी प्रशिक्षित शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम. २०१९ पासून ती सक्तीचीही झाली. त्याआधीही जवळजवळ सगळी मुलं जातच होती.

सहाव्या वर्षी प्राथमिक शाळा. पाच वर्गांची, आपल्या पहिली ते पाचवीसारखी. मग चार वर्षं कोलेज आणि त्यानंतर तीन वर्षं 'लिसे'. हिशेब केला तर पाच अधिक चार अधिक तीन, बाराच. आपल्यासारखंच. फरक मोजण्यात. कोलेजच्या पहिल्या वर्गाला ते 'सहावा' म्हणतात, पुढच्याला पाचवा, मग चौथा, तिसरा. लिसेमध्ये दुसरा, पहिला आणि शेवटी 'तेर्मिनाल'. रॉकेट सोडताना करतात तशी उलटी मोजणी. आबा म्हणाले, "म्हणजे आपलं पोरगं वर चढतं, त्यांचं पोरगं खाली उतरतं."

शिक्षण ३ ते १६ वर्षांपर्यंत सक्तीचं. २०२० पासून १८ वर्षांपर्यंत प्रत्येकानं शिक्षणात, प्रशिक्षणात किंवा कामात असलं पाहिजे असाही नियम आहे. वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन जुलैच्या सुरुवातीला संपतं. साधारण सात आठवडे शाळा की दोन आठवडे सुट्टी, आणि उन्हाळ्यात दोन महिने. सगळा देश एकदम सुट्टीवर निघून रस्ते तुंबू नयेत म्हणून देशाचे अ, ब, क असे तीन विभाग केले आहेत; हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या त्यांना वेगवेगळ्या आठवड्यांत मिळतात. बऱ्याच गावांत लहान मुलांना बुधवारीही सुट्टी असते. आमचा हा छोटा मित्र बुधवारी दिवसभर घरी असायचा आणि संध्याकाळी माझे उच्चार दुरुस्त करायचा.

शिकवतात काय?

अभ्यासक्रम सगळ्या देशाला एकच. तिथे महाराष्ट्र बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई अशी भानगड नाही. सरकारी शिक्षक राष्ट्रीय स्पर्धा परीक्षेतून निवडतात, पगार सरकारी. कोणत्या शाळेत जायचं हे सरकारी शाळांपुरतं तरी राहत्या पत्त्यावरून ठरतं.

प्राथमिक शाळेत भाषा आणि गणित यांनाच सर्वात जास्त वेळ. शुद्धलेखन म्हणजे जवळपास धर्म. बाई वाक्य वाचतात, मुलं लिहितात, चुका मोजतात. कारण फ्रेंचमध्ये लिहायची अक्षरं सात आणि उच्चारायची तीन! कविता पाठ करून वर्गापुढे म्हणायची आणि वहीत तिच्या शेजारी चित्र काढायचं. वह्यांना आडव्या-उभ्या बारीक रेघा, जोडून वळणदार अक्षर. हे ऐकून आबा खूष झाले. त्यांचा सुलेखनाचा तास आठवून मला मात्र घाम फुटला.

कोलेजच्या पहिल्या वर्गात आठवड्याला साडेचार तास फ्रेंच, साडेचार तास गणित आणि चार तास खेळ. आपल्याकडचा पीटीचा तास गणिताच्या सरांना देतात तसा नव्हे, खरोखर खेळ. पोहणं अभ्यासक्रमात आहे, पोहता येतं का याची चाचणीही होते. पहिली परकी भाषा प्राथमिकमध्येच सुरू होते, दुसरी कोलेजच्या दुसऱ्या वर्षी. इतिहास-भूगोल एकच शिक्षक शिकवतात आणि नागरिकशास्त्रही बहुधा त्यांच्याकडेच. चित्रकला, संगीत प्रत्येकी तासभर. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे कोलेजच्या शेवटच्या वर्षी, चौदाव्या वर्षी, प्रत्येकानं एक आठवडा कुठेतरी कामाच्या ठिकाणी जाऊन बघायचं. बेकरी, गॅरेज, कोर्ट, दवाखाना, काहीही. आपल्या भाषेत इनप्लांट ट्रेनिंग. माझ्या लॅबमधला एक जण त्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांबरोबर फिरला आणि म्हणून मेकॅनिकलला आला. आपण कशामुळे आलो, आठवून पाहा.

कोलेजनंतर वाटा फुटतात: सर्वसाधारण लिसे, तांत्रिक लिसे आणि व्यावसायिक लिसे. सर्वसाधारणमध्ये पूर्वी सायन्स, अर्थशास्त्र, साहित्य अशा शाखा होत्या. २०२१ च्या परीक्षेपासून त्या गेल्या. आता लिसेच्या दुसऱ्या वर्षी तीन खास विषय निवडायचे आणि शेवटच्या वर्षी त्यातले दोन ठेवायचे. गणिताबरोबर इतिहास घेतला तरी कुणी वेड्यात काढत नाही. निदान कागदावर. व्यावसायिक शाखेकडे मात्र 'मार्क कमी पडलेल्यांची जागा' म्हणून बघतात. आपल्याकडे आयटीआयकडे बघतात, अगदी तसं. घरमालकीणबाई हे सांगताना चिडल्या होत्या. त्यांचा भाऊ सुतार आहे आणि त्याच्या हाताखाली तीन माणसं आहेत.

पैसा कोण भरतं?

सरकार. सरकारी शाळेला फी नाही. खासगी शाळाही आहेत, सहापैकी एखादं मूल त्यांत जातं. त्यातल्या बहुतेक कॅथलिक संस्थांच्या, पण १९५९ च्या कायद्यानुसार करार केलेल्या शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकारच देतं आणि अभ्यासक्रमही सरकारचाच. दुपारचं जेवण शाळेच्या कँटीनमध्ये. त्याचे पैसे पडतात, पण बऱ्याच गावांत ते आईबापाच्या उत्पन्नानुसार कमी-जास्त होतात. आधी सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, मग फळ. आठवड्यातून किमान एक जेवण शाकाहारी असावं असा २०१९ पासून नियम आहे. आपल्या मेसवाल्या काकांना हा परिच्छेद दाखवू नये ही विनंती.

आता यातली एक गोष्ट मला तिथे कळली आणि परत आल्यावर पुण्यात पुरी समजली. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं १८८१ साली. ६ ते १३ वर्षांच्या मुलामुलींना ते सक्तीचं आणि सरकारी शाळा धर्मनिरपेक्ष करणारा कायदा झाला २८ मार्च १८८२ रोजी. मंत्री होते ज्यूल फेरी. गावोगाव त्यांच्या नावाच्या शाळा आहेत. (हेच फेरी वसाहती वाढवायच्या बाजूचे होते हेही तिथल्या शिक्षकच सांगतात.)

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं? ऑक्टोबर १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिलं. त्यात त्यांनी म्हटलं की सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या करातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा बहुजनांचं प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. नुसती मागणी नाही, काय शिकवावं याची यादीही दिली: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, आरोग्याचे धडे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना नीट पगार मिळावा, हेही त्यात होतं.

म्हणजे पॅरिसमध्ये आणि गंज पेठेत एकाच वर्षी एकच विचार मांडला जात होता. तिकडे मंत्र्यानं मांडला, त्याचा कायदा झाला. इकडे पारतंत्र्यातल्या माणसानं मांडला, तो कागदावर राहिला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. मधल्या काळात, १९११ साली, नामदार गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. देशभर ६ ते १४ वयाच्या मुलांचा हक्क कायद्यानं लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. वजाबाकी करा. हॉस्टेलवरून फुलेवाडा बसनं फार लांब नाही. मी इतकी वर्षं पुण्यात राहून तिथे पहिल्यांदा गेलो तो फ्रान्सहून आल्यावर. लाज वाटली, म्हणून लिहितोय.

अर्थात फुकट शाळा म्हणजे समान शाळा नव्हे. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत फ्रान्सबद्दल पुन्हा पुन्हा हेच दिसतं की आईबापाच्या परिस्थितीचा मुलांच्या मार्कांवर परिणाम तिथे बराच जास्त आहे. गरीब वस्त्यांतल्या शाळांना १९८१ पासून जादा मदत मिळते. २०१७ पासून अशा शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग निम्मे, म्हणजे बाराएक मुलांचे करायला घेतले. आबांचा पट किती, विचारा. चारही वर्ग मिळून एकोणीस. "मग मी फ्रान्सच्या पुढंच आहे की," आबा म्हणाले. पण तिथे बारांना एक मास्तर एकच वर्ग शिकवतो. आबा एका खोलीत दोन वर्ग शिकवतात आणि खिचडीचा हिशेबही लिहितात.

परीक्षा कशी घेतात?

मार्क २० पैकी. १० ला पास, १२ ला 'ठीक चांगलं', १४ ला 'चांगलं', १६ ला 'फार चांगलं'. माझे ९२ टक्के म्हणजे १८.४. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत १८ च्या वर गेलं तर परीक्षक मंडळ वेगळं अभिनंदन करतं. हे मी घरात सांगितलं नाही. एव्हाना सगळ्यांनी माझं फ्रेंच ऐकलं होतं.

ती शेवटची परीक्षा म्हणजे 'बाकालोरेआ', लाडानं 'बाक'. नेपोलियननं १८०८ साली सुरू केली. ती पास होणारी पहिली स्त्री ज्यूली-व्हिक्त्वार दोबिए, १८६१ साली, ल्योंमध्येच. आज दहापैकी नऊ परीक्षार्थी पास होतात. आता ४० टक्के मार्क वर्षभरातल्या कामाचे आणि ६० टक्के अंतिम परीक्षांचे. त्यांत हे येतं: लिसेच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फ्रेंचची लेखी आणि तोंडी, शेवटच्या वर्षी दोन खास विषय, एक मोठी तोंडी परीक्षा आणि तत्त्वज्ञान.

तत्त्वज्ञान! सायन्सवाल्यांनाही. चार तासांचा पेपर. तीन प्रश्न, त्यातला एकच सोडवायचा. मी होतो तेव्हा घरातल्या ताईचा तो पेपर होता. आदल्या रात्री स्वयंपाकघरात ती सरावाला बसली होती. प्रश्न 'खरं बोलणं नेहमीच कर्तव्य असतं का?' अशा धर्तीचा. मी आपला भाबडेपणानं विचारलं, याचं उत्तर काय? ती म्हणाली, उत्तर नसतं, उत्तरापर्यंत कसा पोचलास ते तपासतात. आधी एक बाजू नीट मांडायची, मग तितक्याच प्रामाणिकपणे विरुद्ध बाजू, मग दोन्ही तोलून आपलं म्हणणं. याची गाइडं तिथेही मिळतात, मुलं तीही घोकतात. पण घोकलेलं वापरून शेवटी स्वतःचं काहीतरी लिहावं लागतंच.

मग तिनं विचारलं, तुझं उत्तर काय? मी गप्प. 'एक्स्प्लेन विथ नीट डायग्राम' सोडून दुसऱ्या प्रश्नाला चार वर्षांत मी तोंड दिलं नव्हतं. जरा वेळानं, मोडक्या फ्रेंचमध्ये, मी वायडीची गोष्ट सांगितली. एम-थ्री राहिला, वर्ष गेलं, गावात सांगितलं की कोर्सच पाच वर्षांचा आहे. आबा धरून सगळ्यांना. ताई म्हणाली, झालं की, तुझी एक बाजू तयार आहे, आता विरुद्ध बाजू मांड. ती मांडता येईना.

आपल्या लायनीचं: प्रेपा

इंजिनिअरिंगला जायची तिथली नावाजलेली वाट म्हणजे बाकनंतर दोन वर्षं 'प्रेपा', मग स्पर्धा परीक्षा, मग तीन वर्षं इंजिनिअरिंग स्कूल. प्रेपा म्हणजे कोटा किंवा आपला लातूर पॅटर्न. सकाळपासून रात्रीपर्यंत गणित आणि फिजिक्स. बहुतेक प्रेपा सरकारी लिसेमध्येच चालतात, त्यामुळे फी नाममात्र. लाखभर रुपये भरणाऱ्या बापाला हे सांगू नका.

तिथे एक प्रकार असतो 'कोल'. दर आठवड्याला तीन-तीन मुलांना एका परीक्षकासमोर तासभर उभं करतात. प्रत्येकाला फळ्याचा एक भाग आणि एक प्रश्न. सोडवत जायचं आणि बोलत जायचं. अडलास तर तो विचारतो, ही पायरी का घेतली? दोन वर्षं, दर आठवड्याला.

माझ्या लॅबमधला इंजिनिअर प्रेपातून आलेला. एकदा कॉफी पिताना म्हणाला, "मी पाच-द्वितीयांश." मला कळेना. त्यानं रुमालावर लिहिलं. इंजिनिअरिंग स्कूलमध्ये प्रवेश मिळवण्याला फ्रेंचमध्ये 'इंटिग्रेट करणं' म्हणतात. १७९४ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध एकोल पॉलिटेक्निकचं टोपणनाव 'एक्स'. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पहिल्या फटक्यात गेला तर एक्सचं १ ते २ इंटिग्रेशन: ३/२. वर्ष रिपीट करून गेला तर २ ते ३: ५/२. करून बघा, बरोबर येतं. तर हे महाशय एक वर्ष रिपीट केलेले, आणि सांगताना चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. शाळेत पूर्वी वर्गात ठेवण्याचं प्रमाण फ्रान्समध्ये खूप होतं, २०१४ पासून नियमानं ते अपवादानंच करतात. प्रेपात मात्र ५/२ होणं ही सरळ एक वाट आहे, तिला नाव आहे आणि त्या नावावर विनोद आहे.

त्या रविवारी मी आबांना फोन केला आणि वायडीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मास्तर हाय मी. पाच वर्षांचा कोर्स मला ठाऊक नाही व्हय?" आणि लगेच, "पोरगं कुठं अडलं हे पोरगं सांगंना, तर मास्तरला कळायचं कसं?"

आता आपल्या हॉस्टेलचं

परत येताना मी तिथल्या एका माहितीपटाची डीव्हीडी आणली. ओव्हेर्न्य भागातल्या खेड्यातली एकशिक्षकी शाळा, दिग्दर्शक निकोला फिलिबेर, २००२ साल. गणपतीत गावी आबांना लॅपटॉपवर दाखवली. मराठी सबटायटल नाहीत, मी भाषांतर करायला बसलो. आबा म्हणाले, "तू गप बस, मला कळतंय." शेवटपर्यंत पाहिली. मग एवढंच म्हणाले, "त्याच्याकडं पण बारकं पोरगं थोरल्याचं ऐकूनच शिकतंय."

फ्रान्सची शाळा काही स्वर्ग नाही. मार्क, रँक, गाइडं, वशिल्याची वस्ती, सगळं तिथेही आहे. सरकारनं किती खर्च करावा हे आपल्या हातात नाही. पण तिथली एक गोष्ट फुकट आहे आणि ती आपल्याला जमण्यासारखी आहे: फळ्यासमोर उभं राहून 'हे असं का' याचं उत्तर देणं.

म्हणून गेल्या सेमिस्टरपासून आम्ही हॉस्टेलवर 'कोल' सुरू केला आहे. दर गुरुवारी मेसनंतर, ए विंगच्या रीडिंग रूममध्ये. तीन जण, एक फळा, तीन भाग, एक सीनिअर परीक्षक. पहिल्या दिवशी मी बर्नुलीचं समीकरण दणक्यात लिहिलं. परीक्षकानं विचारलं, हे कुठे लागू होत नाही? वीस मिनिटं मी उभा होतो. ओरल्सला चार वेळा पूर्ण मार्क मिळालेला प्रश्न.

एम-थ्री राहिलेले सेकंड इयरचे तीन जण आता नेमानं येतात. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी खडूनं ५/२ लिहून ठेवलंय, आम्ही ते पुसत नाही. या गुरुवारी एक जागा रिकामी आहे. खडू स्वतःचा आणावा.